शेरा: अर्थ अनिश्चित

बीआरसीए-१ हा जनुक १९९४ साली सापडला. तो बिघडला की स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पण जनुकातला प्रत्येक बदल म्हणजे बिघाड नव्हे. घातक कोणता आणि निरुपद्रवी कोणता, हे हजारो माणसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळते. जगातल्या या नोंदी बहुतांशी गोऱ्यांच्या. म्हणून आपल्याकडच्या बाईच्या अहवालावर पुष्कळदा 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो. प्रगतिपुस्तकावर असा शेरा लिहायची माझी तरी छाती झाली नसती!

खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेने २०१६ साली भारतीय रुग्णांवरून असा एक कोश सर्वांना खुला केला. नमुने अवघे ६२, तरी बदल लाखाच्या वर. उलट अमेरिकेच्या मिरियड कंपनीने बीआरसीएच्या नोंदी वर्षानुवर्षे कुलपात ठेवल्या. नैसर्गिक जनुकाला पेटंट नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, पण नोंदींचे कपाट त्या निकालाने उघडले नाही.

माझे म्हणणे, अशा कोशात आमच्या देऊळघाटची माणसेही हवीत. नावे गुप्त ठेवा, कोश मात्र उघडा ठेवा. आणि अंगठा घेण्याआधी तो संमतीचा कागद मराठीत, आमच्याकडे उर्दूतही, वाचून दाखवा.