शिखर आणि शिसपेन्सिल

थोर माणसांच्या स्मरणाची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. तसबीर, हार, दोन भाषणे आणि जमल्यास एखाद्या चौकाला नाव. साहसी माणसाच्या बाबतीत ही रीत आणखी सोपी होते. त्याच्या सबंध आयुष्यातला एकच क्षण उचलायचा आणि बाकीचे आयुष्य सोडून द्यायचे. तेनसिंग नॉर्गे हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते हिलरींनी टिपलेले ते एकच छायाचित्र : बर्फाची कुऱ्हाड उंच धरून एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा असलेला, प्राणवायूचा मुखवटा घातलेला माणूस. २९ मे १९५३, सकाळचे साडेअकरा. शाळेत आपण हे पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि मोकळे झालो.

परंतु मुखवट्यामागचा हा माणूस कुणाचा तरी बाप होता आणि पुढे कुणाचा तरी आजोबाही झाला. त्या नात्यांतून त्याच्याकडे पाहिले नाही, तर त्याचे साहसदेखील आपल्याला नीट कळत नाही, असे माझे मत आहे.

साहस म्हटले की आपल्यासमोर हौस येते. सुटीत पाठीवर पिशवी टाकून राजगड-तोरणा करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तसेच वाटणार. तेनसिंग यांनाही डोंगराची ओढ होती, यात शंका नाही. त्या ओढीपायीच ते विशीच्या आत घर सोडून दार्जिलिंगला आले. पण १९३५ साली शिप्टन यांच्या मोहिमेबरोबर ते प्रथम एव्हरेस्टकडे गेले ते हमाल म्हणून, मजुरीवर. पुढे १९३६, १९३८, १९४७ आणि १९५२ साली दोनदा ते त्या पहाडाकडे गेले आणि सहाही वेळा शिखर न गाठता परतले. १९५३ ची खेप सातवी होती. आपण सातवी तेवढी लक्षात ठेवली. आधीच्या सहा खेपांचे ओझे ज्या पाठीवर होते, त्या पाठीवर संसाराचेही ओझे होते. १९४४ साली चित्रळ येथे त्यांची पहिली पत्नी दावा फुटी वारली. पेम पेम आणि नीमा या दोन लहानग्या मुलींना घेऊन हा तरुण बाप तेथून दार्जिलिंगला परतला. तेथे दुसरी पत्नी आंग ल्हामू हिने त्या मुलींना आईची माया दिली. नवरा पहाडावर असताना घर सांभाळणाऱ्या या बाईचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

शिखरावर तेनसिंग यांनी काय केले हेही आपण अर्धवटच सांगतो. कुऱ्हाडीला बांधलेले चार ध्वज आपण मोजतो. पण त्यांनी बर्फ उकरून त्यात देवाला म्हणून थोडा खाऊ ठेवला आणि त्याबरोबर लाल-निळ्या शिसपेन्सिलीचा एक तुकडा ठेवला. निघताना नीमाने तो बापाजवळ दिला होता. ज्याला स्वतःला लिहितावाचता येत नव्हते, त्या माणसाने आपल्या मुलीची पेन्सिल जगाच्या माथ्यावर नेऊन ठेवली. मला हा तुकडा चार ध्वजांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ध्वजांनी राष्ट्रांचा मान राखला. पेन्सिलीने सांगितले की हा माणूस तेथेही घर विसरला नव्हता.

खाली उतरताच मात्र राष्ट्रांनी त्यांना ओढायला सुरुवात केली. ते नेपाळचे की भारताचे, आणि मुख्य म्हणजे आधी पाऊल कुणाचे पडले, यावरून केवढा गहजब झाला! तेनसिंग हिलरींना दोराने वर ओढत आहेत, अशी चित्रे मिरवली गेली. तेनसिंग यांनी त्या गर्दीची हौस पुरवली असती तर त्यांना कोण अडवणार होते? पण १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या, त्यांनी तोंडी सांगितलेल्या आत्मकथेत त्यांनी स्पष्ट म्हटले की पहिले पाऊल हिलरींचे. आपण त्यांच्या मागोमाग पोहोचलो. जयजयकाराच्या विरुद्ध उभे राहून खरे बोलणे, हे साहस शिखर चढण्याहून कमी आहे काय? मुलानातवंडांना वारसा म्हणून द्यावी अशी याहून मोठी ठेव मला दिसत नाही.

नंतरची वर्षे त्यांनी शिकवण्यात घालवली. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहण संस्था सुरू झाली आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुखपद तेनसिंग यांच्याकडे आले. हजारो परक्या मुलांना त्यांनी दोर बांधायला शिकवले. स्वतःच्या मुलांनी मात्र या वाटेला जाऊ नये, असे त्यांना वाटे. मुलगा जामलिंग याने एव्हरेस्टची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा बापाने त्याला उत्तेजन दिले नाही. तुम्हाला चढावे लागू नये म्हणून मी चढलो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

यात विसंगती आहे असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. हौशी माणसाला आपला मुलगा आपल्यासारखा व्हावा असे वाटते. कष्टकऱ्याला तो आपल्यासारखा होऊ नये असे वाटते. तेनसिंग हे दोन्ही होते. मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या त्या निरक्षर बापाला पहाडाची किंमत नेमकी माहीत होती. ती किंमत अजूनही दिली जाते. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात कोसळलेल्या बर्फाखाली सोळा नेपाळी कामगार गेले. त्यांतले बहुतेक शेर्पा होते. त्यांच्या मुलांना आपल्या बापाचे स्मरण करायला शिखरावरचे छायाचित्र नाही.

९ मे १९८६ रोजी तेनसिंग वारले. जामलिंग पुढे चढलाच. २३ मे १९९६ रोजी, आठ गिर्यारोहकांचा बळी घेणाऱ्या वादळाला पंधरवडाही उलटला नव्हता, तेव्हा तो शिखरावर पोहोचला आणि बापाची आठवण ठेवून त्याने आपल्या लहान मुलीचे एक खेळणे तेथे ठेवले. १९९७ मध्ये पेम पेमचा मुलगा ताशी हाही आजोबांच्या वाटेने वर गेला. या दोघांनी पुस्तके लिहिली. त्यांत तेनसिंग यांच्या पराक्रमाबरोबर त्यांची गरिबी, त्यांना झालेले मनस्ताप आणि सबंध शेर्पा जमातीचे कष्टही आले. माझ्या मते स्मरण असे असावे. त्यात प्रेम असावे, अभिमान असावा, पण तसबिरीच्या काचेआड माणूस गुदमरू नये.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा कुठल्याच पुस्तकात नाहीत. कुणाचे आजोबा कोकणातून बोटीवर खलाशी म्हणून गेले असतील, कुणाचे पलटणीत, तर कुणाचे घाट उतरून मुंबईच्या गिरणीत. घरात त्यांच्या धाडसाच्या एक-दोन गोष्टी पुनःपुन्हा सांगितल्या जातात व आपण त्या ऐकतो. त्यापुढचे विचारावे. किती वेळा हात हलवत परतावे लागले? मागे घर कुणी सांभाळले? आम्ही काय करू नये असे त्यांना वाटत होते? हे सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवरच ही उत्तरे मिळतात. आपल्याला लिहितावाचता येते. तेव्हा ती लिहून ठेवण्याचे काम आपलेच आहे.