प्रमाणपत्रांची फाईल आता पुरणार नाही

भरतीची जाहिरात निघाली की जवाहर चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानांवर आजही रांग लागते. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, पदवीची, मूळनिवासी दाखला, रोजगार कार्यालयाची नोंदणी. आपल्या मराठी घरांमध्ये ही फाईल कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलेली असते. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, फाईल भरली, की आईवडिलांना वाटते आपले कर्तव्य संपले. ते संपलेले नाही, आणि हे आपल्या लक्षात उशिरा येत आहे, म्हणून हा लेख.

हल्ली मुले घरी येऊन सांगतात, "काका, तिथे फाईल कोणी बघतच नाही. काय बनवलंय ते दाखवा म्हणतात." हे 'तिथे' म्हणजे बऱ्याचदा लिंक्डइन. ज्येष्ठ वाचकांसाठी सांगतो: २००३ साली सुरू झालेले हे नोकरीच्या जगातले एक प्रकारचे वधूवर सूचक केंद्रच आहे. उमेदवार आपली माहिती मांडतो, कंपन्या स्थळे पाहतात. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली ते २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतले. २०२३ मध्ये त्याचे जगभरातील सदस्य १०० कोटींवर गेले. आपल्या घरांतली नोकरी शोधणारी बहुतेक मुले त्यात आहेत.

याच कंपनीने २०२५ च्या अखेरीस स्वतःच्या घरातला एक नियम बदलला. नव्या मुलांना 'प्रॉडक्ट मॅनेजर' म्हणून घडवण्याची तिची जुनी योजना होती. ती बंद करून जानेवारी २०२६ पासून 'प्रॉडक्ट बिल्डर' घडवण्याची योजना सुरू करत असल्याचे तिने जाहीर केले. नव्या योजनेत एकाच व्यक्तीने ग्राहकाची गरज ओळखायची, आराखडा काढायचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊन वस्तू प्रत्यक्ष उभीही करायची. निवडताना भर आहे तो उमेदवाराने स्वतःच्या हाताने काय करून दाखवले यावर.

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे कोण, हा प्रश्न आम्हांलाही पडला होता. आपल्या गणेशोत्सवाचा कार्यवाह आठवा. तो मखर करत नाही, प्रसाद रांधत नाही, नाटकात कामही करत नाही. पण लोकांना काय हवे आहे, पैसे किती आहेत, आधी काय करायचे आणि काय सोडून द्यायचे हे तो ठरवतो. फसले तर बोलणीही तोच खातो. या कामाची ठरलेली अशी पदवी नाही. इंजिनिअर, एमबीए, वाङ्मयाचा विद्यार्थी, कोणीही ते करू शकतो. म्हणूनच पदवी बाजूला ठेवून कौशल्य पाहून माणूस घेण्याची चर्चा या कामापाशी जास्त रंगते.

ही काही अमेरिकेतून आलेली नवलाई आहे असे समजू नका. आपल्यातली किती घराणी भोपाळला आली ती कौशल्याच्याच जोरावर! १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. नागपूरच्या सचिवालयातले कारकून, लघुलेखक, लेखापाल बाडबिस्तरा घेऊन इथे उतरले. ग्वाल्हेर-इंदूरकडचे मराठी कर्मचारीही आले. त्यांच्यासाठी तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर्स उभी राहिली. त्या पिढीतल्या लघुलेखकाला मिनिटाला शब्द किती, चुका किती, हे विचारले जाई. घड्याळ लावून परीक्षा होई. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे आजच्या भेलमध्ये, फिटर-टर्नरला लेथपुढे उभे करून काम करून दाखवायला लावत. यालाच आज 'स्किल्स-बेस्ड हायरिंग' म्हणतात.

पण त्याच इतिहासातला दुसरा धडा आपण विसरू नये. जुन्या मध्यप्रदेशात १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. मराठीत टिपणी लिहिणे, मसुदा करणे हे तेव्हा कौशल्य होते आणि त्याला किंमत होती. राज्य बदलले आणि नव्या राजधानीत त्या कौशल्याची किंमत उतरली. माणूस तोच, हात तोच, अक्षर तेच. आज राज्यातल्या संगणक-टंकलेखनाच्या कामांसाठी सीपीसीटी ही परीक्षा लागते. तीत टंकलेखन इंग्रजी आणि हिंदी. म्हणजे कौशल्य आपल्या हातात असले तरी त्याचा भाव दुसराच कोणीतरी ठरवत असतो. पूर्वी तो सचिवालयात बसे. आज तो एखाद्या कंपनीत बसतो आणि संगणकाच्या पडद्यावर कौशल्यांची कोणती यादी दिसावी, कोणता उमेदवार वर यावा हे ठरवतो.

हा नवा परीक्षक किती विश्वासाचा आहे? लिंक्डइनचाच अनुभव पाहा. २०१२ साली तिथे एका बटणाने दुसऱ्याच्या कौशल्याला दुजोरा देण्याची सोय झाली. परिणाम असा की, ज्याचे काम कधी पाहिले नाही त्यालाही लोक दुजोरा देऊ लागले. आपल्याकडच्या 'ओळखीतला आहे' या शिफारशीहून यात वेगळे काय? मग २०१९ मध्ये कौशल्याच्या छोट्या परीक्षा आणल्या. त्याही २०२३ च्या अखेरीस बंद झाल्या. ज्यांनी त्या उत्तीर्ण होऊन बिल्ला लावला होता, त्यांचा बिल्ला गेला.

आणि पदवीची अट काढली की दारे उघडतात का? अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांवरची पदवीची अट काढली. अनेक बड्या कंपन्यांनीही तशा घोषणा केल्या. पण हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या बदलाचा प्रत्यक्ष लाभ ७०० नेमणुकांमागे एकालासुद्धा झालेला दिसला नाही. जाहिरातीतली अट गेली, निवडणाऱ्याच्या मनातली राहिली.

शिवाय 'बनवून दाखवा' म्हणणे सोपे आहे. ज्याच्या घरी चांगला लॅपटॉप आहे, स्वतंत्र खोली आहे आणि सहा महिने कमावण्याची घाई नाही, तो बनवून दाखवेल. ज्याला सकाळी दुकानावर उभे राहायचे आहे त्याने कधी बनवायचे? आपल्याही समाजात अशी घरे आहेत. मंडळाच्या कार्यक्रमांत ती मागच्या रांगेत बसतात म्हणून ती नाहीत असे होत नाही.

मग आमचे म्हणणे काय? जुनी परीक्षा बरी आणि नवी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. कागदी परीक्षेचे काय होते हे या शहराइतके कोणी भोगलेले नाही. व्यापमंचा घोटाळा २०१३ मध्ये उघड झाला, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. मंडळाचे नाव आता कर्मचारी चयन मंडळ झाले आहे. पाटी बदलली तरी त्या काळात वर्षे गमावलेल्या प्रामाणिक मुलांना ती परत मिळाली नाहीत. पद्धत कोणतीही असो, ती उघडी आणि पडताळता येण्याजोगी हवी.

म्हणून येत्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या पार्षद-आमदारांना आपण तीन गोष्टी विचाराव्यात. एक, जे पद हाताच्या कामाचे आहे त्याची भरती प्रत्यक्ष काम पाहून करा आणि प्रत्येक उमेदवाराचे काम व गुण त्याला पाहता येतील असे ठेवा. दोन, गोविंदपुऱ्याच्या आयटीआयसारख्या संस्थांत आणि आशियाई विकास बँकेच्या कर्जातून उभारलेल्या ग्लोबल स्किल्स पार्कमध्ये किती मुले शिकली हे सांगता, तर त्यातल्या कितींना त्याच कामाची नोकरी लागली हेही दरवर्षी जाहीर करा. तीन, ज्यांच्या घरी साधने नाहीत त्यांच्यासाठी वॉर्डातल्या सरकारी शाळेचा संगणक-कक्ष संध्याकाळी उघडा ठेवा.

पण सगळेच सरकारवर टाकून चालणार नाही. आपल्या हातातले काय? मंडळाच्या ग्रंथालयाची यादी अजून वहीत आहे. वर्गणीच्या पावत्या अजून पुस्तकातून फाडल्या जातात. कार्यक्रमाचा निरोप निम्म्या घरांना पोचत नाही. हे काम तरुणांना द्या. त्यांनी आधी दहा वाचकांना आणि दहा ज्येष्ठांना विचारावे की अडचण नेमकी कुठे आहे. मग काहीतरी बनवावे, ते चालवावे, बिघडले तर दुरुस्त करावे आणि सगळ्याची तारीखवार नोंद ठेवावी. हेच प्रॉडक्ट मॅनेजमेंट, आणि बंगळुरू किंवा पुण्याच्या मुलाखतीत दाखवायला खरे काम! कार्यकारिणीने मात्र मधेच "आमच्या वेळी असे नव्हते" म्हणून ते हाणून पाडू नये.

पालकांनाही एक विनंती. पदवी घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. सरकारी नोकरीला ती लागते, आणि लागत राहील. पण मुलगी घरी आली की 'किती टक्के' याच्या पुढे जाऊन 'या महिन्यात काय केलेस, ते कोणाच्या उपयोगी पडले' हेही विचारा. त्या उत्तराची एक वेगळी फाईल आजपासून सुरू करा.

एक शेवटची गोष्ट. परवा आमच्यापैकी एकाने नातवाचे लिंक्डइनचे पान पाहिले. भाषांच्या रकान्यात इंग्रजी होती, हिंदी होती, मराठी नव्हती. विचारले तर म्हणाला, "आजोबा, त्याचा काय उपयोग?" त्याच लिंक्डइनने २०२१ मध्ये हिंदी आणि २०२४ मध्ये मराठी आपल्या पडद्यावर आणली आहे, हे त्याला माहीत नव्हते. १९५६ साली आपल्या मराठीचा भाव दुसऱ्यांनी उतरवला होता. आज ती आपल्याच मुलांच्या हातून यादीतून गळते आहे, आणि हे थांबवायला कोणत्याही आमदाराची गरज नाही. येत्या मासिक बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि येताना घरातल्या तरुणांनाही आणावे, ही आग्रहाची विनंती.