चाचणीचा धूर
ज्येष्ठ सरता सरता लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर मेघ दाटू लागले आणि मावळातल्या खाचरांत चिखलणीची घाई उडाली, की वर्षभर पडवीत धूळ खात पडलेल्या पॉवर टिलरच्या एकसिलिंडरी डिझेल इंजिनाची कैफियत कामशेत-वडगावकडील मिस्त्र्यांपुढे दाखल होते; कारण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला ‘इंद्रायणी’ हा सुवासिक वाण जिथे लावायचा, त्या अरुंद खाचरांत मोठ्या ट्रॅक्टरला वळण्यास जागा नसल्याने सारी भिस्त याच लहान यंत्रावर असते. हेड उतरवून, झिजलेला लायनर आणि पिस्टनच्या रिंगा बदलून, व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासून बसवले, तरी जुळणीची रुजुवात चाचणीवाचून होत नाही. डिझेलच्या नळीतील हवा काढून, डीकॉम्प्रेशनची खिटी धरून हँडल वेगाने फिरवावे आणि फ्लायव्हील गतीत येताच खिटी सोडावी, की इंजिन धडधडू लागते. मग जाणता मिस्त्री आवाजाइतकेच धुराकडेही लक्ष देतो, कारण निळसर धूर ऑइल जळत असल्याची, काळा धूर डिझेल जादा वा हवा अपुरी असल्याची, आणि इंजिन तापल्यावरही न सरणारा पांढरा धूर बहुधा डिझेल अर्धवट जळत असल्याची साक्ष देतो. नव्या रिंगा लायनरशी जुळेपर्यंत भार बेताने वाढवावा आणि पहिले ऑइल लवकर बदलावे, हा दंडक खरा. परंतु पाऊस डोक्यावर आलेल्या शेतकऱ्याला तो पाळवत नाही, म्हणून ही दुरुस्ती भातकापणी उरकताच, दिवाळीनंतर करून घेणे हेच शहाणपणाचे.