मायनर कशासाठी?

पुणे-सातारा महामार्गावरील शिवरे गावातून भल्या सकाळी दप्तर पाठीला लावून निघणाऱ्या मुलामुलींत आता अभियांत्रिकीचे विद्यार्थीही असतात. कोणी धांगवडीला जातो, कोणी पुण्याला. दुसरे वर्ष लागले की अशा घरांत एक नवा प्रश्न उभा राहतो : पदवीला ‘मायनर’ची जोड द्यावी काय? आईवडिलांना हा शब्द नवा असतो आणि शेजारीपाजारी सल्ला देतात, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता घे, पुढे तेच चालणार.’

अभियांत्रिकीची पदवी साधारणतः 160 श्रेयांकांची असते. अन्य विद्याशाखेतील आणखी 18 ते 20 श्रेयांक मिळविल्यास पदवीवर मायनरची नोंद होते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर महाराष्ट्रातील नव्या आराखड्यात बहुशाखीय मायनरचा काही भाग मूळ पदवीतच आला आहे. त्यापलीकडचा अतिरिक्त मायनर मात्र ऐच्छिक आहे. एक श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक. रोज जाण्यायेण्यात दोन-तीन तास घालविणाऱ्या मुलाला हा भार हलका नव्हे. ज्याचे गणित वा यंत्रशास्त्राचे विषय मागे राहिले आहेत, त्याने मायनरच्या मोहात पडणे म्हणजे पाया कच्चा ठेवून मजला चढविणे होय.

तथापि, दुसरी विद्या अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1881 मध्ये बी.ए. केले आणि त्यानंतर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. खडकवासल्याची स्वयंचलित दारे उभारणाऱ्या या अभियंत्याने पुढे सिंचन, उद्योग आणि अर्थकारण यांचा एकत्र विचार केला. विद्येचे तुकडे पाडून पाहण्याची आपली परंपराच नाही.

म्हणून विषय निवडताना बाजारातील गर्दीपेक्षा गरज पाहावी. भोर तालुक्यात भाटघरसारखे धरण आहे. तरीही डोंगरमाथ्यावरील वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शेजारचा राजगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या तटबंदीचे व टाक्यांचे जतन करावयाचे तर स्थापत्याला इतिहासाची जाण हवी. पाणी, शेती, ऊर्जा, वारसा या क्षेत्रांतील मायनर दिसावयास साधा, पण समाजाच्या थेट उपयोगाचा. संगणकाची खरी आवड असलेल्याने कृत्रिम बुद्धिमत्ता अवश्य घ्यावी; केवळ शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये.

निर्णयापूर्वी तीन गोष्टी पडताळाव्यात. मूळ शाखेचे सर्व विषय सुटले आहेत काय? हा विषय शिकविणारे प्राध्यापक महाविद्यालयात आहेत काय? अतिरिक्त शुल्क किती? केवळ जिज्ञासा असेल, तर 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावर विनामूल्य शिकता येते. शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

अशा घरांना सल्ला देणारा जाणता माणूस गावात क्वचित असतो. ही उणीव कार्यकर्त्यांनी भरून काढावयास हवी. आपापल्या भागातील अनुभवी अभियंत्यांना महिन्यातून एकदा या मुलांसमवेत बसविणे फारसे कठीण नाही. पदवीवरील एक ओळ वाढली म्हणून राष्ट्र मोठे होत नाही. मिळविलेली विद्या गावाच्या कामी आली, तरच ते होते.