धर्मग्रामाची झांकली मूठ

सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत रोम येथें भरलेल्या सिनडचें काम संपलें, आणि तिच्या अखेरच्या निवेदनास पोप फ्रान्सिस यांनीं तेथल्या तेथेंच मान्यता दिली. त्यांतील धर्मशास्त्रीय भागावर पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें. परंतु त्यांत एक साधा, व्यवहारी आणि म्हणूनच अडचणीचा भाग आहे, त्याकडे आमच्या इकडच्या लोकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें दिसत नाहीं. अर्थसमित्या नांवापुरत्या नसून खरोखर काम करणाऱ्या असाव्यात, वार्षिक हिशेब तयार करून तो प्रसिद्ध करावा, आणि शक्य तेथें बाहेरच्या हिशेबतपासनिसाकडून तो तपासून घ्यावा, असें ह्या निवेदनाचें सांगणें आहे. रोमहून निघालेलें हें सांगणें वसईच्या एखाद्या लहानशा चर्चच्या दारापर्यंत पोंचेल तेव्हां त्याचें काय होईल, हा प्रश्न आज विचारण्यासारखा आहे.

एका चर्चच्या भोंवतीं एकत्र आलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या समुदायास वसईकडे धर्मग्राम म्हणतात. त्याच्या प्रमुख धर्मगुरूंच्या हातीं उपासनेबरोबरच इमारत, जमीन, नोकरचाकर आणि पैसा यांचीही व्यवस्था असते. ही व्यवस्था कशी चालवावी याविषयीं कायद्याची उणीव आहे असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. ख्रिस्तसभेची हल्लींची कायदेसंहिता सन १९८३ पासून अमलांत आहे. तिच्या ५३७ व्या कलमानें प्रत्येक धर्मग्रामांत अर्थसमिती असलीच पाहिजे असें ठरविलें आहे. लहान धर्मग्रामास त्यांतून सूट नाहीं. जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवणें आणि वर्षाअखेर हिशेब तयार करणें हें १२८४ व्या कलमानें व्यवस्थापकाचें कर्तव्य केलें आहे. आणि १२८७ व्या कलमाचा दुसरा भाग तर स्पष्टच सांगतो कीं, भाविकांनीं जें दिलें त्याचा हिशेब भाविकांस दिला पाहिजे. तो कोणत्या रीतीनें द्यावयाचा एवढेंच स्थानिक नियमांवर सोपविलें आहे. शिवाय आपल्या राज्यांत सन १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आहेच. त्याखालीं नोंदलेल्या संस्थेस हिशेब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात, आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीशिवाय स्थावर मिळकत विकतां येत नाहीं. म्हणजे एक रोमचा आणि एक सरकारचा, असे दोन कायदे एकाच दिशेस बोट दाखवीत आहेत. तपासलेला हिशेब बिशपांच्या कचेरींत जातो, सरकारी कचेरींतही जातो. ज्याच्या खिशांतून पैसा गेला त्याच्यापुढें मात्र तो पुष्कळदां येत नाहीं. ज्या धर्मग्रामांत येत असेल त्यांस हा लेख लागू नाहीं. त्यांनीं तो शेजाऱ्यांस वाचावयास द्यावा.

ह्या स्थितीचा दोष एकट्या धर्मगुरूंच्या माथीं मारणें सोपें आहे, परंतु न्यायाचें नाहीं. सेमिनरींत तरुणास तत्त्वज्ञान शिकवितात, धर्मशास्त्र शिकवितात. गळक्या छपराचें अंदाजपत्रक कसें करावें आणि कंत्राटदाराचें बिल कसें वाचावें हें त्यास नेमणूक झाल्यावरच कळूं लागतें. रोजकीर्द समजूं लागते न लागते तों त्याची बदली होते, आणि नवीन येणारा पूर्वीच्या वह्यांचा अर्थ लावीत बसतो. अर्थसमितीचें मत सल्ल्यापुरतें, शेवटची सही त्याची. अशा व्यवस्थेंत सज्जन धर्मगुरूही संशयाच्या छायेंत सांपडतो, आणि निष्काळजी असेल त्यास कोणी हटकीत नाहीं. लोकांची रीत तर याहून विचित्र. चर्चच्या आवारांत ते "फादर म्हणतील तसें" म्हणतात, आणि नाक्यावर येतांच नव्या फरशीवर किती पैसा उधळला गेला याचे अंदाज एकमेकांस सांगूं लागतात. समोर मौन आणि मागें कुजबुज, ह्यास श्रद्धा म्हणावयाचें असेल तर तो शब्द फार स्वस्त झाला म्हणावयाचा.

हिशेब मागणें ज्यांस अधर्माचें वाटतें त्यांनीं आपलाच धर्मग्रंथ उघडून पाहावा. बारा शिष्यांची थैली एकट्याच्या हातीं होती, आणि तो एकटा कोण, हें सर्वांस ठाऊक आहे. उलट संत पौलानें यरुशलेमच्या गरिबांसाठीं निधि जमविला तेव्हां तो पोंचविण्याच्या कामीं मंडळ्यांनीं निवडून दिलेला मनुष्य बरोबर घेतला. स्वतःच्या प्रामाणिकपणाविषयीं त्यास शंका होती म्हणून नव्हे, तर एवढ्या रकमेवरून कोणास बोल लावण्यास जागा राहूं नये म्हणून.

परंतु नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूस ठेवूं. आमचें म्हणणें असें आहे कीं, झांकलेला हिशेब धर्मग्रामास दरिद्री करतो. समजा, एका धर्मग्रामांत २०० कुटुंबें आहेत आणि प्रत्येक कुटुंब दर रविवारीं थाळींत १० रुपये टाकतें. रविवारचे २,००० आणि वर्षाचे १,०४,००० रुपये झाले. म्हणजे महिन्यास ८,७०० सुद्धां नाहींत. त्यांत विजेचें बिल, वेदीचें साहित्य, घंटा वाजविणाऱ्या व झाडलोट करणाऱ्या सेवकाचें वेतन, आणि पावसाळ्यापूर्वींची छपराची डागडुजी, हें सर्व भागवावयाचें! हा हिशेब एकदां मोठ्यानें वाचून दाखविला तर दहाच्या नोटेवर वेगळें प्रवचन करावें लागणार नाहीं. हींच कुटुंबें लग्नांत मंडपावर आणि बँडवर काय खर्च करतात तें सांगावयास नको. औदार्याची वाण वसईंत कधींच नव्हती. वाण आहे ती माहितीची. ज्यास आंतलें कांहीं दिसत नाहीं तो डोळ्यांस दिसेल अशाच गोष्टीस पैसा देतो. म्हणून क्रूसाच्या चौथऱ्यास, नव्या मूर्तीस आणि सणाच्या रोषणाईस दाते पुढें येतात, व संगमरवरी पाटीवर आईबापांचीं नांवें कोरून घेतात. त्यांची भक्ति खरी आहे. परंतु सेवकाच्या पगारावर पाटी बसत नाहीं आणि शौचकूपाच्या दुरुस्तीस आईचें नांव कोणी देत नाहीं. त्यामुळें चौथरा चकचकीत आणि सेवक अर्धपोटीं, अशी अवस्था होते.

ह्या एका थाळीवर सर्व मदार ठेवणें किती धोक्याचें आहे तें महामारीनें दाखविलें. सन २०२० च्या मार्चांत प्रार्थनास्थळें बंद झालीं, तीं महाराष्ट्रांत १६ नोव्हेंबर रोजीं उघडलीं; २०२१ च्या वसंतांत पुन्हां बंद झालीं, तीं ७ ऑक्टोबरला उघडलीं. त्या महिन्यांत मिस्सा पडद्यावर दिसत होती, परंतु थाळी कोठें फिरवावयाची? वीज व वेतन मात्र थांबत नाहींत. ज्यांच्याजवळ गंगाजळी होती ते तरले. ज्यांच्याजवळ नव्हती त्यांस हात पसरण्यापूर्वीं आपली खरी स्थिति लोकांपुढें मांडावी लागली, आणि ती मांडण्याची संवय नसल्यामुळें जीभ अडखळली.

वसईच्या लोकांस हें जमणार नाहीं असें म्हणणारास वसईचा इतिहास ठाऊक नाहीं. पोर्तुगीज अमलांत येथील मठांस गांवांचें उत्पन्न आणि राजाचा आश्रय होता. सन १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर तो आश्रय तुटला, युरोपीय संन्यासी निघून गेले, आणि देशी धर्मगुरू व गांवचे शेतकरी-कोळी यांनीं आपल्या बळावर उपासना चालू ठेवली. पुढें सन १९१८ मध्यें ह्याच समाजानें, धर्मगुरू मोनीस यांच्या पुढाकारानें, सहकाराचें जें रोप लाविलें तें आज बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक ह्या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेंत जो सभासद ताळेबंद हातांत घेऊन बसतो, बुडीत कर्जांची चौकशी करतो आणि संचालकांस धारेवर धरतो, तोच पुढच्या रविवारीं चर्चमध्यें येतो आणि कोणाचें ताळेबंद पत्रक कोठें आहे हें विचारीतही नाहीं. ज्या समाजास एका धर्मगुरूनेंच हिशेबाची अक्षरें गिरवावयास लाविलीं, त्यानें तीं नेमकीं चर्चच्या दारांत विसरावीं, ही गोष्ट आम्हांस तरी उमगत नाहीं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, आंकडे उघड केले म्हणजे गांवांत तट पडतील. सामवेदी, वाडवळ, कोळी असे भेद आधींच आहेत, त्यांत पैशाचें निमित्त कशास? परंतु तट अंधारांत पडतात. कोणत्या वाडीनें काय दिलें आणि कोणत्या वाडीच्या क्रूसावर काय खर्च झाला हें कागदावर आलें म्हणजे निम्मीं भांडणें पुराव्याअभावीं मरतात. दुसरा आक्षेप अधिक धूर्तपणाचा आहे. शिल्लक मोठी दिसली तर लोक देणें बंद करतील आणि धर्मप्रांताचा वांटा वाढेल; तेव्हां झांकली मूठ सव्वा लाखाची, ती तशीच असूं द्यावी. ज्या धर्मग्रामाच्या मुठींत खरोखर सव्वा लाख आहेत त्यानें ती अवश्य उघडावी. वसईचा धर्मप्रांत सन १९९८ मध्यें मुंबईपासून वेगळा झाला. त्यांत समुद्रकांठचीं जुनीं, संपन्न धर्मग्रामें आहेत, तशींच डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांतून काम करणारीं केंद्रेंही आहेत. तिकडच्या थाळींत काय पडत असेल याची कल्पना करण्यास गणित लागत नाहीं. किनाऱ्यावरची शिल्लक दडविली म्हणजे ती डोंगरापर्यंत जात नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

मिस्सेसाठीं दिल्या जाणाऱ्या पैशाविषयीं थोडें निराळें लिहिलें पाहिजे, कारण सामान्य भाविकाचा सर्वांत नाजूक व्यवहार तो आहे. मेलेल्या नवऱ्याच्या नांवानें विधवा जे रुपये देते त्यांची नोंद निराळ्या वहींत झाली पाहिजे, असें ९५८ वें कलम सांगतें. आणि ह्या देणगीस व्यापाराचें रूप येऊं नये अशी ९४७ व्या कलमाची ताकीद आहे. अनेकांचे हेतु एकाच मिस्सेंत गोंवण्याच्या प्रथेस सन १९९१ मध्यें रोमनें मर्यादा घातल्या, आणि सन २०२५ मध्यें नवें फर्मान काढून देणाऱ्यास आधीं कळविणें व त्याची संमति घेणें यांवर भर दिला. नियम असे निघाले आहेत. पण त्या विधवेस ते कोण सांगणार? वही तिला पाहावयास मिळाली तर सांगण्याची गरजही उरणार नाहीं.

जमिनीचा प्रश्न तर याहून मोठा. वसई-विरारकडे गुंठ्याचा भाव ज्या वेगानें चढला त्या वेगानें चर्चच्या वाड्यांवर बांधकामवाल्यांची नजर गेली नसती तरच नवल. येथें धर्मादाय आयुक्तांची संमति हें शेवटचें कुंपण आहे, पहिलें नव्हे. पहिलें कुंपण म्हणजे आपल्या चर्चची कोणती जमीन कोठें आहे आणि तिचें उत्पन्न काय, हें जाणणारा धर्मग्राम. समाजानें हें कुंपण स्वतः घातलें नाहीं तर सरकार घालावयास येतें. केरळांत सन २००९ मध्यें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें चर्चच्या मालमत्तेसाठीं कायद्याचा मसुदा सुचविला, आणि सन २०१९ मध्यें पुन्हां तसाच प्रयत्न झाला. दोन्ही वेळां बिशपांनीं कडाडून विरोध केला व दोन्ही वेळां सरकारनें माघार घेतली. विरोधाचीं कारणें सबळ होतीं असें मानलें तरी तिसऱ्या वेळीं सबळ उत्तर एकच असेल, तें म्हणजे छापलेला हिशेब.

करावयाचें काम अवघड नाहीं. दानपेटी दोघांच्या समक्ष उघडावी आणि मोजलेली रक्कम तेथेंच लिहून दोघांनीं सह्या कराव्या. बँकेंतून पैसे काढण्यास धर्मगुरूंबरोबर अर्थसमितीच्या एका सभासदाची सही लागावी. समितींत ठराविक मुदतीनें माणसें बदलावीं, आणि बचतगटाचें पुस्तक चोख ठेवणाऱ्या बाया प्रत्येक वाडींत असतांना तेथें केवळ पुरुषांची पंगत बसूं नये. बदली होणाऱ्या धर्मगुरूंनीं किल्ल्यांबरोबर लेखी ताळा द्यावा, व तो घेतांना समिती हजर असावी. ३१ मार्च रोजीं वर्ष संपतें. ईस्टरची धामधूम ओसरली कीं एका रविवारीं मिस्सेनंतर अर्धा तास लोकांस थांबवून जमा किती, खर्च किती आणि येत्या वर्षीं काय करावयाचें आहे हें सांगावें, व प्रश्न विचारूं द्यावे. पहिल्या वर्षीं कोणी विचारणार नाहीं, दुसऱ्या वर्षीं एखादा भलतेंच विचारील, तिसऱ्या वर्षापासून काम सुरळीत चालेल. तोच कागद चर्चच्या दारावर लावावा. तो मराठींत असावा आणि आंकडे चांगले मोठे असावे, कारण थाळींत न चुकतां पैसे टाकणारीं पुष्कळशीं माणसें म्हातारीं आहेत, आणि तीं चर्चला येतांना चष्मा घरीं विसरतात.