सभासद टिकतो कशाने? तालीम, जिम आणि एक सोयीचा गैरसमज

१/ जानेवारीत जिममध्ये उसळलेली गर्दी मार्चपर्यंत ओसरते आणि चालकांचे निदान ठरलेले असते : लोक आळशी आहेत. इतिहास या निदानाला दुजोरा देत नाही. सभासद गळतो, कारण त्याची अनुपस्थिती कोणाला खटकतच नाही. #थ्रेड

२/ अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या नोंदींवर आधारलेला डेलाव्हिन्या व मालमेंडिअर यांचा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. मासिक शुल्काचे सभासद दरमहा ७० डॉलरहून अधिक भरत, आणि येत सरासरी ४.३ वेळा. त्यांच्या हिशेबाने एक खेप १७ डॉलरहून महाग पडे; दहा खेपांच्या पासावर तीच १० डॉलरला मिळाली असती.

३/ न येणारा सभासद यंत्र झिजवत नाही, जागा अडवत नाही, पैसे मात्र आगाऊ देतो. अशा व्यवसायाला शुल्क टिकवायचे असते, माणूस नव्हे.

४/ आता कोल्हापूर पाहा. शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. राजाश्रय सरला, म्हणून तालमी ओस पडल्या का?

५/ नाही. गंगावेश, मोतीबागेत शड्डू घुमतच राहिले. पाटाकडील, दिलबहार ही तालीम मंडळे तर फुटबॉलच्या मैदानावर गाजली. खेळ बदलला, पेठेचा माणूस तुटला नाही.

६/ कारण उघड आहे. हौद्यातली माती सर्वांनी मिळून उकरायची असते. जोडीदार आला नाही, तर दुसऱ्याची लढत अडते. वस्तादाची नजर रिकाम्या जागेवर आधी जाते. येथे गैरहजेरीची किंमत इतरांना मोजावी लागते. म्हणूनच तिची विचारपूस होते.

७/ हे तालमीचे भाबडे गुणगान नव्हे. स्त्रियांना तिचे दार दीर्घकाळ बंद होते, आणि वस्तादाचा धाक नेहमीच न्याय्य नसे. तो धाक परत नको; विचारपूस हवी.

८/ तेव्हा जिमचालकांनी सवलतींचे फलक उतरवून हजेरीपट उघडावा. प्रशिक्षकाचे कौतुक नव्या नोंदणीवर नव्हे, तर सहाव्या महिन्यातही येणाऱ्यांच्या संख्येवर व्हावे. ज्याची वाट कोणी पाहत नाही, त्याने न येणे हा आळस नव्हे. ते त्या संस्थेचेच अपयश आहे.

(समाप्त)