आधी पाटी उतरवा

मुंबईत घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत भिंती वाचत जा. बाक, पाणपोई, लिफ्ट, डायलिसिसचं यंत्र, उपाश्रयाची पायरी, गणपतीच्या मंडपाची कमान. जिथे तिथे कुणाचं तरी 'सौजन्य'. दाता जेमतेम तिशीचा आणि पैसा आजोबांचा. आजोबांनी पै-पै जोडली, वडिलांनी ती जमिनीत घातली, जमिनीचा भाव या शहराने वाढवला आणि दानशूर ठरला नातू! त्याने नेमकं केलं काय? जन्म घेतला.

सरकारनेही त्याच्यापुढे हात टेकलेले. वारशावरची इस्टेट ड्युटी १९५३ साली आली आणि १९८५ साली गेली. संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. म्हणजे आजोबांचं डबोलं छदामही न झिजता नातवाच्या हाती येतं. वर रुग्णालयाला देणगी दिली की करसवलत तयार. तरी सत्काराची शाल याच्याच खांद्यावर.

या पोरांची श्रद्धा खोटी आहे असं मी म्हणत नाही. उपवास करतात, पहाटे उठून पूजेला जातात. माझा राग त्यांच्या निवडीवर आहे. धर्म दहा गोष्टी सांगतो, त्यातली ज्यात टाळ्या मिळतात तेवढीच हे बरोबर उचलतात.

जैनांच्या पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी देरासरात, म्हणजे मंदिरात, महावीरांच्या आईला पडलेल्या चौदा स्वप्नांच्या बोल्या लागतात. जुनी रीत अशी की बोली तुपाच्या मणांच्या हिशेबात चढते. चढाओढ बघावी! त्या बोलीचा पैसा देवद्रव्य. परंपरेच्या नियमाने तो मंदिराला आणि मूर्तीलाच लागतो. शेजारच्या चाळीतला श्रावक भाड्यापायी घर सोडत असला तरी त्यातला रुपया त्याला मिळत नाही. हा नियम वारसाला तोंडपाठ असतो. साधर्मिकाला, म्हणजे धर्मबंधूला, मदत करणं आणि गुप्तदान हेही त्याच्याच धर्मात आहे, हेही ठाऊक असतं. पण गुप्तदानाला माईक नसतो ना.

आणि ही तक्रार बाहेरच्याची आहे असं कुणी समजू नये. आचार्य विजयवल्लभसूरींनी शंभर वर्षांपूर्वी पाटावर बसून समाजाला शिक्षणाकडे वळवलं. त्यांच्या प्रेरणेने १९१४-१५ च्या सुमारास मुंबईत महावीर जैन विद्यालय उभं राहिलं. त्याची एक शाखा अंधेरीत आहे. घर सोडून शिकायला आलेल्या किती पोरांची सोय या विद्यालयाने केली! त्या विद्यालयासमोरून गाडीतून जाणाऱ्या किती वारसांना या साधूचं नाव माहीत आहे?

आपले मराठी नातू काही वेगळे नाहीत. बोरिवलीतली वडिलोपार्जित जमीन बिल्डरला गेली की देवीला नथ, बाप्पाला चांदीचा मोदक आणि कमानीवर स्वतःचा फोटो, तोही बाप्पापेक्षा मोठा. इकडे मोलकरणीने लेकीच्या फीसाठी घेतलेली उचल दर महिन्याला पगारातून कापणं बिनचूक चालू. ही कसली भक्ती? हा निव्वळ माज आहे!

माळकरी म्हणवता ना? मग देहूचा वाणी आठवा. घरात महाजनकी, सावकारी, बाजारात दुकान. कोवळ्या वयात सगळा वारसा तुकोबांच्या अंगावर पडला. मग १६३० चा दुष्काळ आला. परंपरा सांगते की त्यांनी धाकट्या भावाशी, कान्होबाशी, कर्जखतं निम्मी-निम्मी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. कान्होबाच्या वाट्याला हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणं त्यांना मंजूर नव्हतं. आणि ज्यांचं कर्ज बुडालं त्यांना कुणाच्या सत्काराला हजर राहावं लागलं नाही, कुणाच्या पाटीखालून रोज जावं लागलं नाही. ऋणको मोकळा झाला आणि सावकारही.

शेजारीही बघा. जोगेश्वरीतला नेमस्त मुसलमान व्यापारी जकात काढतो तेव्हा साठवलेल्या पैशाचे अडीच टक्के वहीवर मोजतो. ती कुणाला द्यायची हेही ठरलेलं आहे, आठ प्रकारचे लोक, त्यांत कर्जात बुडालेलाही. लहर आली म्हणून देणं तिथे चालत नाही.

म्हणून वारसदार शेठ, सुरुवात वहीपासून कर. ड्रायव्हर, वॉचमन, दुकानातला पोऱ्या यांच्या नावापुढची उचल खोडून टाक. आजोबांनी बांधलेल्या चाळीतल्या म्हातारीमागे लावलेला खटला मागे घे.

मग तुझ्या घराण्याचं नाव असलेल्या रुग्णालयाकडे वळ. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय रुग्णालयाला दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ साली त्याची योजनाच लावून दिली. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची, हेही त्यातच आहे. विश्वस्तांच्या सभेत काजूकतली खात बसण्याऐवजी विचार: गेल्या वर्षी त्या खाटांवर कोण झोपलं होतं? किती जणांना दाखल्याचं निमित्त करून दारातून परत पाठवलं? नोंदवही माग. ती समोर येईपर्यंत नव्या विंगच्या चेकवर सही करू नकोस.